माझा कर, पण हिशेब कुणाच्या भाषेत?

७ फेब्रुवारी २०२४ ला कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या, उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार, त्यांचे मंत्री आणि आमदार असे सगळे दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले होते. घोषणा होती, 'नन्न तेरिगे, नन्न हक्कु'. म्हणजे माझा कर, माझा हक्क. केंद्र जो कर गोळा करतं त्यातला काही भाग राज्यांना वाटला जातो. त्यात कर्नाटकचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठरवला होता, तो पंधराव्याने ३.६४७ टक्क्यांवर आणला. सिद्धरामय्यांचं म्हणणं असं की आम्ही शंभर रुपये देतो आणि हातात बारा-तेरा रुपये परत येतात. बाकीचे कुठे जातात, त्याचा हिशेब द्या.

मागणी रास्त आहे की नाही ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी सांगतील. पण जो पैसे देतो त्याला हिशेब विचारता आला पाहिजे, हे तत्त्व एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने देशाच्या राजधानीत रस्त्यावर बसून सांगितलं, याचा मला मनापासून आनंद झाला. कारण मी येळ्ळूरची. आमच्याकडे हे तत्त्व खाली उतरता उतरता मधेच कुठेतरी अडकतं.

आपल्या मंडळातल्या मुंबई-पुण्याच्या मित्रमैत्रिणींना येळ्ळूर म्हटलं की एक फलकच आठवतो. 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर'. जुलै २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून तो काढला गेला, गावकऱ्यांनी परत उभारला, पोलिसांनी परत पाडला आणि मग घराघरांत शिरून लाठ्या चालल्या. टीव्हीवर ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. त्यानंतरचे खटले, तारखा, कोर्टाच्या फेऱ्या मात्र टीव्हीवर आल्या नाहीत. त्या फलकावर पुष्कळ लिहून झालंय, आणि सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथे काय व्हायचं ते होईल. मला आज फलकाबद्दल बोलायचं नाही, पावतीबद्दल बोलायचंय.

बेळगाव शहराच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या पायथ्याचं आमचं गाव. भाताचं गाव. इथल्या बासमतीचा वास शेजारच्या गल्लीत जातो, हे मी गावची म्हणून सांगत नाही, खाऊन बघा. तर या गावातला माणूस कर कुठला कुठला भरतो? घरपट्टी आणि पाणीपट्टी तर आहेच. साबण घेतला, चहापूड घेतली, मोबाइलचं रिचार्ज मारलं की जीएसटी. दुचाकीत पेट्रोल टाकलं की राज्याचा विक्रीकर, जो जून २०२४ मध्ये कर्नाटकाने २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर नेला. लिटरमागे तीन रुपयांच्या आसपास एका रात्रीत वाढले. भांगलणीला जाणारी बाई आयकर भरत नाही म्हणून 'करदाती' नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिची किराणाची पिशवी तपासावी.

आता एक गंमत बघा. हा कर आपण ज्या नोटांनी भरतो, त्या नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची एक पट्टी असते. पंधरा भाषा असतात त्यात. कन्नड आहे आणि मराठीही आहे. पैसे देताना दोन्ही भाषा शेजारी शेजारी सुखाने नांदतात. पैसे दिल्यावर जो कागद हातात येतो, त्यावर एकच उरते.

करशास्त्रात कर आणि शुल्क यात एक फरक शिकवतात. शुल्क म्हणजे अमुक सेवेबद्दल अमुक पैसे. कराचं तसं नाही. कराच्या बदल्यात तुम्हाला थेट काही मिळालंच पाहिजे असं बंधन सरकारवर नसतं. म्हणजे मी साबणावर दोन रुपये कर दिला म्हणून माझ्या दारातला दिवा लागलाच पाहिजे असा दावा मला कोर्टात करता येणार नाही. ते ठीकच आहे. नाहीतर जो जास्त भरतो त्याच्याच दारात दिवे लागतील.

पण मग नागरिकाला बदल्यात काय अपेक्षित असावं? सगळे म्हणतात रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना. मी म्हणते, त्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे समजेल असा हिशेब. माझ्याकडून किती घेतलं, कशाबद्दल घेतलं, कुठे खर्च केलं, आणि मला काही विचारायचं असेल तर कुणाच्या टेबलापुढे उभं राहायचं, एवढं तरी मला वाचता आलं पाहिजे. रस्ता खराब असेल तर मी भांडू शकते. पण रस्ता कागदावर कधीच 'पूर्ण' झालाय हे मला वाचताच आलं नाही, तर मी भांडू कशाच्या जोरावर?

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी एका सरकारी कचेरीतून नोटीस आली. पूर्ण कन्नडमध्ये. आजीने ती देव्हाऱ्याच्या बाजूला नीट ठेवली होती, कारण सरकारी कागद म्हणजे जपायचा. मी सुट्टीला गेले तेव्हा तिने काढून दिली. "बघ गं, पैसे किती म्हणायलेत तेवढं सांग." मी वाचून सांगितलं. पैसे फार नव्हते. पण खाली एक ओळ होती की हरकत असल्यास इतक्या दिवसांत लेखी कळवावं, आणि ते दिवस उलटून तीन आठवडे झाले होते. आमच्या नोंदीत क्षेत्रफळ चुकलं होतं, म्हणजे हरकत घ्यायला कारणही होतं. मग जे सगळे करतात ते केलं, आधी पैसे भरले आणि नंतर खेटे मारले.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि आमच्याकडे म्हणतातच, की राज्याची भाषा कन्नड आहे, शिका की! मी शिकले. आमच्या मराठी शाळेत कन्नड विषय होता, मला त्यात चांगले मार्क असायचे, आणि हुबळीच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंशी मी तासभर कन्नडमध्ये गप्पा मारू शकते. कन्नड गोड भाषा आहे. तिच्याशी माझं काहीच भांडण नाही. पण माझी आजी सत्तरी ओलांडलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला पुढची नोटीस कुठल्या लिपीत चालेल. तिने कर भरायचं एकदाही थांबवलेलं नाही. आता तिने सत्तराव्या वर्षी वर्णमाला गिरवावी, मग हरकत घ्यावी, असं म्हणणं म्हणजे हरकत घेऊच नको म्हणण्यासारखं आहे.

शिवाय हेच सरकार, हेच पक्ष, मत मागायला येतात तेव्हा मराठी त्यांना अगदी छान येतं. निवडणुकीत बेळगाव भागातली पत्रकं बघा. राष्ट्रीय पक्षांची पत्रकं, स्पीकरवरची गाणी, गल्लीतल्या सभा, सगळं मराठीत. म्हणजे छपाईखान्यात मराठी टाइप आहे, भाषांतर करणारी माणसं आहेत, खर्च परवडतो. मत मागणारा कागद मराठीत निघतो आणि पैसे मागणारा निघत नाही. मग अडचण तंत्राची आहे असं मी कसं मानू?

कायदा काय म्हणतो ते मी जरा शोधलं. घटनेचं ३५० वं कलम सांगतं की तक्रार निवारणासाठी कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे येळ्ळूरच्या माणसाने मराठीत अर्ज दिला तर तो घ्यावा लागतो. वाचून मी खूश झाले. मग परत वाचलं. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं, याबद्दल त्या कलमात अक्षर नाही! माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर आणखी मजा आहे. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की सरकारने स्वतःहून माहिती जाहीर करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी. आणि सहाव्या कलमात म्हटलंय की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. चौथ्या कलमातली 'स्थानिक भाषा' येळ्ळूरच्या गल्लीत मराठी होते, सहाव्यातली 'राजभाषा' होते कन्नड. याखेरीज केंद्राचं १९५६ चं एक निवेदन आहे भाषिक अल्पसंख्याकांसाठी. जिथे अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत असं ते सांगतं. त्यावर देखरेख करायला राष्ट्रपतींनी नेमलेला आयुक्त असतो, घटनेच्या ३५०ब कलमाने. म्हणजे कागदावर सगळं आहे. फक्त तो कागद आजीपर्यंत पोचत नाही.

हिशेब नसला की काय होतं, तर कराच्या पैशातून झालेलं काम 'भेट' होऊन जातं. राजहंसगडावर शिवछत्रपतींचा मोठा पुतळा उभा राहिला, सरकारी पैशातून. मार्च २०२३ मध्ये त्याचं अनावरण झालं. एकदा नाही, दोनदा. २ तारखेला तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई आले, आणि तीनच दिवसांनी स्थानिक आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांनी परत सोहळा केला. मे महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, बाकी समजून घ्या. पुढे महाराष्ट्र एकीकरण समितीने गडावर शुद्धीकरणही केलं. तीन बाजूंनी तिघे, आणि पुतळा कुणामुळे झाला यावर वाद. ज्यांनी साबणावर, पेट्रोलवर कर भरून तो उभा केला, ते खाली टाळ्या वाजवायला. महाराजांसमोर मीही हात जोडते. पण 'आम्ही तुम्हाला पुतळा दिला' हे वाक्य मला खटकतं. कुणी दिला? कुणाच्या खिशातून?

आणि त्याच गडावरून खाली बघितलं की शिवारात बळ्ळारी नाला दिसतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या भागातल्या शेतकऱ्याला नुसतं 'नाला' म्हटलं तरी पुरतं. शहराचं सांडपाणी घेऊन तो शेतातून जातो. गाळ साचतो, जलपर्णी माजते, पात्र उथळ होतं, आणि पावसाने जोर धरला की पाणी भातात शिरून तिथेच थांबतं. रोप कुजतं. मग दुबार पेरणी, दुबार लावणी, दुबार खर्च. ही एका वर्षाची गोष्ट नाही, मी लहान असल्यापासून ऐकतेय. दर उन्हाळ्यात निवेदनं दिली जातात, फोटो छापून येतो, आणि हे काम नेमकं कोणत्या खात्याचं यावर चर्चा सुरू होईपर्यंत मृग लागतो.

मला यात कराचा एक वेगळाच गुंता दिसतो. शहरातला माणूस घरपट्टी शहरात भरतो, त्यातून त्याच्या गटारीची सोय होते, आणि ती गटार येऊन मिळते गावच्या शिवारात. कर एका हद्दीत गोळा होतो, घाण दुसऱ्या हद्दीत साचते. ज्याच्या भातात ते पाणी उभं राहतं त्याला शहराचा हिशेब विचारायचा अधिकार नाही, कारण तो तिथला करदाता नाही. आणि ज्याला अधिकार आहे, त्या शहरातल्या माणसाला आपलं पाणी कुठे जातं हेच माहीत नसतं. पुतळ्याचं दोनदा अनावरण झालं. नाल्याच्या सफाईचं एकदा तरी करा, आम्ही हार घेऊन येतो.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण सगळं माप एकाच पदरात घालणं बरं नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. गरजू माणसाला उपचार मिळत असतील तर मला आनंदच आहे. पण नीट विचार केला तर ही किती विचित्र स्थिती आहे! आमचा पेट्रोलवरचा कर बंगळूरला आणि ऑपरेशनच्या मदतीसाठी डोळे मुंबईकडे. जिथे कर भरला तिथला दवाखाना पुरेसा असता, तर ही वेळ कशाला आली असती? आणि मुंबई जे देते ते आम्ही भरलेल्या कराच्या बदल्यात नसतं, आपुलकीने असतं. आपुलकीबद्दल आभार मानता येतात, जाब विचारता येत नाही. सरकार बदललं, निधी आटला, तर आम्ही कुणाला विचारणार?

आणि सीमेच्या पलीकडची बाजूही आहेच. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी बरीच गावं आहेत. २०२२ च्या शेवटी तिथल्या काही गावांनी उघड सांगितलं की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. बोम्मईंनी लगेच त्या गावांवर दावा सांगितला, महाराष्ट्रात गदारोळ झाला, आणि मग विस्तारित म्हैसाळ योजनेची फाइल हलू लागली. त्या गावांना 'फितूर' म्हणणारे लोक मी पाहिले. मला ते आपलेच वाटले. तेही कर भरतात, महाराष्ट्राला भरतात, आणि अनेक वर्षं मागून पाणी मिळालं नाही ते सीमा ओलांडायची धमकी दिल्यावर दिसायला लागलं. जतमधल्या कन्नड आजीला तिची नोटीस कन्नडमध्ये मिळावी, असं मला तितक्याच जोरात म्हणता आलं पाहिजे. नाहीतर माझ्या आजीसाठी बोलायचा मला काय अधिकार?

म्हणूनच 'माझा कर, माझा हक्क' ही घोषणा मी आहे तशी उचलायला तयार नाही. ती शब्दशः घेतली तर जो जास्त भरेल त्याचा हक्क मोठा. मग बंगळूर म्हणेल माझा पैसा बंगळूरलाच लावा, आणि कलबुर्गी, यादगीरला काही उरणार नाही. मुंबई तेच म्हणाली तर मराठवाड्याचं काय? हिशेब विचारायचा हक्क किती रुपये भरले यावर ठरत नाही. ज्याने दहा रुपये भरले आणि ज्याने दहा लाख भरले, दोघांना तीच वही बघता आली पाहिजे.

हा प्रश्न काही आजचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. ज्याच्याकडून घेता त्याच्या पोराला प्राथमिक शाळा तरी द्या. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, त्यातही करांच्या ओझ्याखालचा शेतकरी आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने इंग्रज सरकारला उपकाराची भाषा नाही वापरली, हिशेबाची वापरली. तेव्हाच्या शेतकऱ्याला कर कुठे जातो हे कळू नये अशी सोय इंग्रजी आणि कचेरीच्या भाषेने आपोआप झाली होती. आमच्याकडे भाषा बदलली, सोय तीच राहिली.

बरं, नुसती तक्रार करून काय होणार? एक गोष्ट मला या वर्षीच नीट कळली, ती सांगते. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींत दरवर्षी जमाबंदी होते. महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ महसुलाशी जोडलेला आहे, इथे अर्थ वेगळा. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळात पंचायतीचे वर्षाचे हिशेब आणि झालेली कामं लोकांसमोर तपासायची, असा तो कार्यक्रम. कुणीही गावकरी जाऊ शकतो, विचारू शकतो. सीमाभागातल्या पंचायतींत सदस्य आपलेच, बोलणं मराठीतच. म्हणजे तोंडी हिशेब मराठीत मागायला कुणाचा अडसर नाही. अडसर एकच की बहुतेकांना जमाबंदी कधी आहे हेच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी त्या दिवसांत भात भांगलायचं असतं.

गावातल्या आम्ही पाच-सहा मुलामुलींनी, ज्यांना कन्नड वाचता येतं, यंदा तिथे बसायचं ठरवलंय. कागद कन्नडमध्ये असला तर आम्ही तिथेच मोठ्याने मराठीत वाचून दाखवणार. घरपट्टी किती जमली, त्यातली किती कशावर गेली, नाल्यासाठी वर किती वेळा लिहिलं आणि काय उत्तर आलं, एवढं विचारायचं. शिवाय कलम ३५० खाली मराठीत एक अर्ज तयार केलाय की करासंबंधीच्या नोटिशीत निदान तीन गोष्टी मराठीत छापाव्यात, म्हणजे रक्कम, कारण, आणि हरकतीची शेवटची तारीख. पूर्ण नोटीस मराठीत द्या असंसुद्धा म्हटलेलं नाही. तीन ओळी. अर्जावर सह्या गोळा करताना एका काकांनी विचारलं, "ह्याचं उत्तर कन्नडात आलं तर?"

तेही वाचून दाखवू म्हटलं.